करन्सी स्वॉप: व्याज वाचतं कुठून आणि जोखीम उरते कुणाकडे?

ट्रेझरीवाला

मागच्या आठवड्यात दुसऱ्या एका धाग्यावर स्वॉपचा विषय निघाला आणि तिथे तीन-चार जणांनी विचारलं की दोन कंपन्या एकमेकींची वेगवेगळ्या चलनांतली कर्जं बदलून घेतात (हाच करन्सी स्वॉप) आणि दोघींचंही व्याज कमी होतं, हे होतं कसं, कुणीतरी तोट्यात असणारच ना. तिथे अवांतर नको म्हणून वेगळा धागा काढतोय. मी पुण्यात एका इंजिनिअरिंग कंपनीच्या ट्रेझरीत (पैसे, कर्जं आणि परकीय चलन बघणारा विभाग) काम करतो, हा विषय रोजच्या कामाचा आहे. थोडं लांबेल, पण आकड्यांशिवाय हे कळत नाही.

आधी मूळ गोष्ट. ऑगस्ट १९८१, वर्ल्ड बँक आणि आयबीएम, मध्यस्थ सॉलोमन ब्रदर्स ही अमेरिकन गुंतवणूक बँक. नोशनल, म्हणजे ज्या रकमेवर करार झाला ती, २१ कोटी डॉलर. अमेरिकी मध्यवर्ती बँकेचा प्रमुख पॉल व्होल्करने महागाई मोडायला अमेरिकेत व्याज चढवलेलं, तिथे दर १७ टक्क्यांपर्यंत, पश्चिम जर्मनीत १२, स्वित्झर्लंडमध्ये ८. वर्ल्ड बँकेला साहजिकच स्विस फ्रँक आणि जर्मन मार्क हवे होते, पण त्या दोन्ही बाजारांतून तिने आधीच इतकं उचललं होतं की अजून मागायला जागा नव्हती, तिथल्या गुंतवणूकदारांकडे तिचे बाँड भरपूर झाले होते. आयबीएमचं उलटं. तिच्याकडे फ्रँक आणि मार्कातलं जुनं कर्ज होतं, ते पैसे तिने डॉलरमध्ये बदलून वापरलेले. १९८० च्या सुरुवातीला एका डॉलरला पावणेदोन मार्कांच्या आसपास मिळायचे, ऑगस्ट ८१ ला अडीच. म्हणजे आयबीएमचं कर्ज डॉलरमध्ये मोजलं तर आपोआप हलकं झालं होतं, आणि डॉलर परत पडायच्या आत हा फायदा तिला पक्का करायचा होता, पण बाँड मुदतीआधी फेडणं सोपं नव्हतं.

मग काय केलं, वर्ल्ड बँकेने डॉलरचे बाँड काढले, आलेले डॉलर बाजारात विकून फ्रँक आणि मार्क घेतले, आणि करार असा की आयबीएमच्या फ्रँक-मार्कांच्या कर्जाचे हप्ते जितके, तितके पैसे वर्ल्ड बँक देणार, आणि वर्ल्ड बँकेच्या डॉलर बाँडचे हप्ते आयबीएम देणार. बाँडधारकांना काहीच बदल जाणवला नाही, त्यांचं देणं मूळ कर्जदाराकडेच राहिलं.

याआधीही असे प्रकार होते. ब्रिटनमध्ये परकीय चलनावर निर्बंध होते तेव्हा कंपन्या एकमेकींना समांतर कर्जं द्यायच्या, तू माझ्या तिकडच्या उपकंपनीला डॉलर दे, मी तुझ्या इकडच्या उपकंपनीला पौंड देतो. १९७९ ला ते निर्बंध उठले तरी ही कल्पना टिकली आणि ८१ च्या व्यवहारानंतर तिचा मोठा बाजार झाला.

आता आपल्या ओळखीचं उदाहरण घेऊ. कंपन्या काल्पनिक, पण अशी जोडी चाकणच्या रस्त्याला रोज दिसते. एक पुण्याची ऑटो पार्ट्सवाली, तिने जर्मनीत एक कारखाना घेतलाय, तिला ५ वर्षांसाठी २ कोटी युरो हवेत. दुसरी जर्मन कंपनी, तिला चाकणचा प्लांट वाढवायला २०० कोटी रुपये हवेत. हिशोबाला सोपं म्हणून १ युरो = १०० रुपये धरू.

पुण्याची कंपनी: रुपयात ९.४ टक्के, युरोत ६.५ टक्के.
जर्मन कंपनी: रुपयात ८.६ टक्के, युरोत ४.० टक्के.

जर्मन कंपनी दोन्हीकडे स्वस्त आहे. तरी सौदा होतो, कारण युरोत ती २.५ ने पुढे आहे आणि रुपयात फक्त ०.८ ने. असं का? कारण पुण्याच्या कंपनीला इथल्या बँका तीस वर्षं ओळखतात, तारण माहीत, खाती माहीत, प्रमोटर माहीत. जर्मनीतल्या बँकेला फक्त एक अनोळखी नाव आणि भारताचं रेटिंग दिसतं. म्हणजे पुण्याच्या कंपनीची पत रुपयात सगळ्यात कमी मार खाते.

दोघींनी हवं ते चलन थेट घेतलं तर ६.५ + ८.६ = १५.१. ज्याच्यात आपण बरे, तिथे घेतलं तर ९.४ + ४.० = १३.४. फरक १.७ टक्के, म्हणजेच २.५ वजा ०.८. वाटण्यासारखी रक्कम एवढीच आहे, कितीही हुशारीने रचना केली तरी यापेक्षा जास्त निघत नाही. बँकेला ०.३ दिले तर दोघींना ०.७-०.७.

रचना अशी. पुण्याची कंपनी रुपयात ९.४ ने कर्ज घेते, जर्मन कंपनी युरोत ४.० ने. पहिल्या दिवशी बँकेमार्फत मुद्दल बदलतात. मग दरवर्षी बँक पुण्याला ९.४ टक्के रुपये देते (१८.८ कोटी), पुणे बँकेला ५.८ टक्के युरो देतं (११.६ लाख युरो). बँक जर्मनांना ४ टक्के युरो देते (८ लाख), जर्मन बँकेला ७.९ टक्के रुपये देतात (१५.८ कोटी). पाच वर्षांनी मुद्दल परत उलटं, त्याच १०० च्या भावाने. पुण्याला युरो ६.५ ऐवजी ५.८ ला पडले, जर्मनांना रुपये ८.६ ऐवजी ७.९ ला. दोघींकडे हवं तेच चलन आहे, दुसऱ्या चलनाचा एक पैसाही शिल्लक नाही.

१.७ चा हिशोब दोन मिनिटांचा आहे. खरं डिझाईन पुढे सुरू होतं, बँकेच्या हातात युरो येतात आणि रुपये जातात, ती उरलेली चलनाची जोखीम कुणाकडे ठेवायची. त्यावर खाली बोलू, आधी प्रश्न येऊ द्या.

---

शमिका_नाशिक

खूप छान लिहिलंय दादा. माझी सीए फायनल आहे, आमच्या क्लासमध्ये नुसता चौकटी आणि बाणांचा तक्ता पाठ करून घेतात, पुण्याच्या कंपनीला रुपयात फरक कमी का पडतो हे कुणी सांगितलंच नव्हतं.

एक शंका. पाच वर्षांनी युरो १२० झाला तर? पुण्याच्या कंपनीला २ कोटी युरो द्यायचे आणि बदल्यात २०० कोटीच मिळणार, बाजारात त्याच युरोंचे २४० कोटी होतात. हे ४० कोटींचं नुकसान नाही का?

---

ट्रेझरीवाला

@शमिका_नाशिक ताई, हा प्रश्न आमच्या बोर्ड मीटिंगलाही येतो. उत्तर असं की कंपनीला युरोच हवे होते. स्वॉप न करता तिने जर्मन बँकेकडून थेट युरो घेतले असते तरी पाच वर्षांनी २ कोटी युरोच फेडायचे होते आणि तेव्हाही ते २४० कोटींचे असते. फेड होणार जर्मनीतल्या कारखान्याच्या युरो कमाईतून. कमाई युरोत, देणं युरोत, मग रुपया कुठेही जावो.

हेच देणं फक्त रुपयात कमावणाऱ्या कंपनीच्या डोक्यावर असतं तर मात्र ४० कोटी खरेच गेले असते. स्वॉप चांगला की वाईट हे टर्मशीटवरून (सौद्याच्या अटींचा कागद) ठरत नाही, कंपनीची कमाई कुठल्या चलनात आहे त्यावरून ठरतं.

---

गणिती

लेख आवडला पण एका ठिकाणी अडखळलो. तुम्ही युरोचे टक्के आणि रुपयाचे टक्के सरळ बेरीज-वजाबाकी करताय. बँकेला युरोत १.८ टक्के मिळतात आणि रुपयात १.५ द्यावे लागतात, म्हणून मार्जिन ०.३. पण पाच वर्षांतला १ टक्का युरो आणि १ टक्का रुपया सारखे नसतात.

आकड्यात बघू. बँकेला दरवर्षी ३.६ लाख युरो मिळणार आणि ३ कोटी रुपये जाणार. आजच्या १०० ने ३.६ कोटी वजा ३ कोटी, ६० लाख सुटले, २०० कोटींवर ०.३ टक्के, बरोबर. पण बँक हे युरो आजच फॉरवर्डमध्ये, म्हणजे पुढच्या तारखेचा भाव आजच पक्का करून, विकून टाकेल. रुपयाचं व्याज जास्त म्हणून फॉरवर्डमध्ये युरो महाग असतो. तुमच्याच जर्मन कंपनीचे दर वापरले (८.६ आणि ४.०) तर पहिल्या वर्षाचा फॉरवर्ड १०४ च्या वर येतो आणि पाचव्या वर्षाचा १२४. बाजारातले आकडे वेगळे निघतील पण दिशा हीच. म्हणजे पाचव्या वर्षी बँकेला ३.६ लाख युरोंचे जवळजवळ ४.४६ कोटी मिळतात आणि सुटतात १.४६ कोटी, तुम्ही म्हणता ते ६० लाख नाही.

उलट हिशोब केला तर बँकेला खरंच ०.३ च द्यायचे असतील तेव्हा पुण्याच्या कंपनीचा दर ५.८ च्या जागी ५.६ च्या आसपास यायला हवा. २ कोटी युरोवर ०.२ टक्के म्हणजे वर्षाला ४० हजार युरो. ही रक्कम सोडून देण्यासारखी नाही.

---

ट्रेझरीवाला

@गणिती अगदी बरोबर मुद्दा, आणि मला वाटतं या धाग्यातला सगळ्यात उपयोगाचा. टक्क्यांची ती बेरीज सौदा करण्यासारखा आहे का एवढंच बघायला वापरायची. भाव ठरवताना दोन्ही बाजूंचे सगळे हप्ते आपापल्या चलनाच्या दराने आजच्या किमतीला आणायचे आणि मग फरक बघायचा. वर्ल्ड बँक-आयबीएममध्येही तेच केलं होतं, आयबीएमच्या फ्रँक-मार्क हप्त्यांची आजची किंमत काढून त्यावरून वर्ल्ड बँकेने किती डॉलर उभे करायचे ते ठरवलं.

आता जोखमीचं. वरच्या रचनेत शिल्लक जोखीम बँकेकडे आहे. दुसऱ्या दोन रचना होतात. एकीत पुण्याची कंपनी बँकेला फक्त ४ टक्के युरो देते, जे सरळ जर्मनांकडे जातात, आणि बँक पुण्याला रुपयात ९.४ ऐवजी ७.६ च देते. मग पुण्याच्या कंपनीला ४ टक्के युरोत आणि १.८ टक्के रुपयात पडतात, बेरीज तीच ५.८, पण जर्मनीतल्या कारखान्याच्या खर्चात रुपयाचा तुकडा घुसला. दुसरीत जर्मन कंपनी पूर्ण ९.४ रुपयात देते आणि तिला ४ ऐवजी ५.५ टक्के युरो मिळतात, म्हणजे तिचे रुपये ७.९ ला पडायचे असतील तर वरचे १.५ टक्के युरो दरवर्षी बदलत्या भावाने विकावे लागतात.

परीक्षेत तिन्ही उत्तरांना सारखेच मार्क. प्रत्यक्षात माझं मत ठाम आहे की शिल्लक जोखीम बँकेकडेच असावी, कारण फॉरवर्ड बाजारात तिला ती एका फोनवर विकता येते आणि तिचे भाव कंपनीपेक्षा बरे असतात. कंपनीने पार्ट बनवावेत. फक्त त्या कामाचे बँक किती घेते हे गणिती यांनी केलं तसं मोजून बघायचं.

---

फ्रांकफुर्टकर

इथे एका बँकेत याच कामात आहे म्हणून थोडी भर. प्रत्यक्षात या दोन कंपन्या एकमेकींना कधी भेटत नाहीत. जर्मन पालक कंपनी इथे युरो उचलते, चाकणच्या उपकंपनीला ईसीबी (परदेशातून घेतलेलं व्यापारी कर्ज) म्हणून देते, उपकंपनी मुंबईतल्या एखाद्या बँकेशी स्वॉप करून ते देणं रुपयात नेते. पुण्याची कंपनी स्वतंत्रपणे आपल्या बँकेशी उलटा स्वॉप करते. दोन्ही बँका आपापली शिल्लक इंटरबँक बाजारात टाकतात. आणि भारतात दोन कंपन्यांना आपसात थेट हे करताच येत नाही, अधिकृत डीलर बँक मध्ये लागतेच. १९८१ सारखी रक्कम, तारखा, मुदत सगळं जुळणारी जोडी शोधायची गरज आता उरली नाही.

त्याचा तोटा असा की सगळ्यांनाच हे जमतं तेव्हा १.७ सारखा फरक फार काळ टिकत नाही. टिकतो तो फरक बहुतेक वेळा टॅक्स, नियम नाहीतर ओळख यांमुळे असतो. टीडीएस विसरू नका. उपकंपनी पालकाला जे व्याज देते त्यावर भारतात कर कापला जातो, तो खर्च दरात धरला नाही तर कागदावरचे ०.७ बघता बघता अर्धे होतात.

अजून एक, ५ वर्षांचा फिक्स्ड दर आणि ६-६ महिन्यांनी बदलणारा दर यांची तुलना करून कुणी फायदा दाखवत असेल तर सावध राहा. फ्लोटिंगवाल्या (बदलत्या दराच्या) कर्जात बँकेला मध्येच स्प्रेड, म्हणजे मूळ दरावरचा आपला जादा टक्का, वाढवायची सोय असते, फिक्स्डमध्ये नसते. पत घसरायच्या धोक्याची ती किंमत आहे, तिला फायदा म्हणून मोजायचं नाही.

---

निवृत्त_डीलर

मुंबईत फोर्ट आणि नंतर बीकेसी, फॉरेक्स डीलिंग रूममध्ये आयुष्य गेलं. ट्रेझरीवाला यांनी कमाईच्या चलनाचा जो मुद्दा काढला त्याची किंमत २००७-०८ ला आपल्याकडे लोकांनी कशी मोजली ते नवीन मुलांना माहीत असायला हवं.

तेव्हा रुपयाचं कर्ज ११-१२ टक्क्यांना आणि येनचं व्याज जवळजवळ शून्य. कंपन्यांना सांगितलं गेलं की रुपयाचं देणं येनमध्ये नाहीतर स्विस फ्रँकमध्ये बदला, व्याज वाचेल. यात वरच्या उदाहरणातल्यासारखा तौलनिक फायदा (दोन कर्जदारांच्या पतीतल्या फरकातून निघणारा) कुठेच नव्हता, नुसता व्याजाचा फरक होता, आणि त्या फरकाच्या बदल्यात येन चढायचा धोका घेतला होता. त्यात पुढे ऑप्शन जोडलेले, अमुक पातळी तुटली तर दुप्पट द्यायचे वगैरे. तिरुपूरचा बनियन शिवणारा निर्यातदार, त्याचा येनशी संबंध काय? जून २००७ मध्ये डॉलरला १२४ येन मिळत होते, मार्च २००८ मध्ये भाव १०० च्या खाली आला, वर्ष संपता संपता ९० च्या आसपास. स्विस फ्रँकही त्याच मार्चमध्ये डॉलरच्या बरोबरीला आला. लहान लहान कंपन्यांवर वर्षाच्या नफ्याच्या कितीतरी पट देणी आली, कोर्टकचेऱ्या झाल्या, आणि २०११ ला रिझर्व्ह बँकेने डेरिव्हेटिव्हचे (स्वॉप-ऑप्शनसारखे करार) नियम मोडल्याबद्दल १९ बँकांना दंड केला. दंड लाखांत होता, कंपन्यांचं नुकसान कोटींत.

मी त्या काळातल्या टर्मशीट वाचल्या आहेत. व्याजाची बचत पहिल्या पानावर ठळक अक्षरात आणि चलनाची जोखीम शेवटच्या पानावर. म्हणून पोरांनो, टर्मशीट मागून पुढे वाचायची सवय लावा.

---

शमिका_नाशिक

बाप रे. मग २०१३ ला रिझर्व्ह बँकेने जो स्वॉप दिला होता तो यातच मोडतो का? एफसीएनआर, म्हणजे अनिवासी भारतीयांच्या परकीय चलनातल्या ठेवींचा.

---

निवृत्त_डीलर

@शमिका_नाशिक तो वेगळा, पण शिकण्यासारखा. ऑगस्ट २०१३ च्या शेवटी रुपया ६८ च्या पार गेला होता. सप्टेंबरमध्ये रघुराम राजन गव्हर्नर म्हणून आले आणि बँकांना सांगितलं की परदेशातल्या भारतीयांकडून किमान ३ वर्षांच्या डॉलर ठेवी आणा, ते डॉलर आम्हाला द्या, मुदतीनंतर परत देताना आम्ही वर्षाला ३.५ टक्केच लावू. बाजारात तोच स्वॉप कितीतरी महाग होता. म्हणजे फरकाचा भार रिझर्व्ह बँकेने जाणूनबुजून स्वतःवर घेतला कारण देशाला डॉलर हवे होते. नोव्हेंबरअखेर या ठेवींतून २६ अब्ज डॉलर आले, बँकांच्या परदेशी उसनवारीची सवलत धरून ३४ अब्ज. इथे दोन कर्जदारांच्या पतीतला फरक वाटला जात नव्हता, सरळ सवलत होती. पण स्वॉपची रचना तीच, आज डॉलर घ्या रुपये द्या, मुदतीला उलटं.

---

फ्रांकफुर्टकर

तेव्हा मी दुबईत होतो, बँकांचे फोनवर फोन यायचे, ठेव ठेवा आणि हवं तर त्यासाठी कर्जही देतो म्हणून. आमच्या मंडळातल्या बऱ्याच जणांनी ठेवल्या होत्या.

---

तुषार_इचलकरंजी

सगळं वाचलं, आता माझा खरा प्रश्न. आमची विव्हिंग आणि गारमेंटची फॅक्टरी आहे, माल अमेरिकेला जातो, बिल डॉलरमध्ये. वर्षाला ३० लाख डॉलरच्या आसपास येतात. मशीनसाठी घेतलेलं २० कोटींचं रुपयातलं टर्म लोन आहे, ४ वर्षं बाकी. बँकेचा माणूस म्हणतो हे डॉलरमध्ये स्वॉप करा, व्याज बरंच उतरेल. आणि दुसरा पर्याय म्हणून येन दाखवलाय, त्याच्यात अजून कमी. निवृत्त डीलर काकांचं वाचून पोटात गोळा आला. करू की नको?

---

ट्रेझरीवाला

येन आजच नको म्हणून कळवा, त्यात विचार करण्यासारखं काही नाही.

डॉलरचं वेगळं. तुमची कमाईच डॉलरमध्ये आहे म्हणून डॉलरचं देणं तुमच्यासाठी मुळात हेज, म्हणजे चलनाच्या चढउतारापासून संरक्षण, आहे. पण तीन गोष्टी आधी तपासा. एक, वर्षाला मुद्दल आणि व्याज मिळून किती डॉलर द्यावे लागतील आणि ते ३० लाखांत किती बसतात. सूत, रंग, पगार सगळं रुपयात जातं, त्यामुळे सगळे डॉलर देण्याला बांधून चालणार नाही. दोन, तुम्ही आत्ता निर्यातीचे डॉलर फॉरवर्डमध्ये विकता का? विकत असाल तर तेच डॉलर स्वॉपलाही दाखवू नका, नाहीतर एकाच कमाईवर दोनदा हेज होईल आणि रुपया घसरला की दुहेरी फटका. तीन, फॉरवर्ड विकून जो प्रीमियम मिळतो तो आणि स्वॉपमधली व्याजाची बचत हे जवळजवळ एकच पैसे आहेत. बँकेचा माणूस बचत म्हणून दाखवतो त्यातला मोठा भाग तुम्हाला फॉरवर्डमध्येही मिळाला असता.

---

गणिती

तिसऱ्या मुद्द्याला हजार मोदक. तुषारभाऊ, बँकेला विचारा की तुमच्या दराने हे सगळे डॉलर हप्ते आजच्या फॉरवर्डने रुपयात बदलले तर रुपयात किती टक्के पडतात. तो आकडा आत्ताच्या कर्जाच्या दरापेक्षा जास्त निघाला तर तो फरक म्हणजे बँकेचं मार्जिन.

---

फ्रांकफुर्टकर

आणि एमटीएमचं, म्हणजे स्वॉपची किंमत रोजच्या बाजारभावाने मोजण्याचं, लिहून घ्या. समजा दोन वर्षांनी डॉलर १० टक्के चढला. तुमची कमाई पण चढली, पण ती पुढच्या बिलांतून हळूहळू येणार. स्वॉपचा तोटा मात्र बँकेच्या स्क्रीनवर त्याच दिवशी दिसतो, आणि करारात मार्जिनची अट असेल तर तेव्हाच रोख किंवा एफडी मागतात, नाहीतर तुमची कॅश क्रेडिटची लिमिट तेवढी अडवतात. हेज बरोबर असूनही रोकड आटते. इस्डा या डेरिव्हेटिव्ह बाजाराच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या मास्टर करारासोबत मार्जिनचा वेगळा जोड-करार असतो, त्यात किती तोट्यापर्यंत काही मागणार नाही तो आकडा बघा आणि घासाघीस करा, तो छापील नसतो.

---

तुषार_इचलकरंजी

मनापासून आभार सगळ्यांचे. फॉरवर्ड आम्ही विकतो, साधारण निम्म्या बिलांचे. म्हणजे उरलेल्या निम्म्यातूनच बघावं लागेल आणि तेवढ्यात २० कोटींचा हप्ता ओढूनताणून बसेल असं दिसतंय. बँकेला अर्ध्याच कर्जाचा दर मागतो. मध्येच मोडायचं झालं तर किती लागतात हेही लेखी मागू का?

---

ट्रेझरीवाला

नक्की मागा. आकडा आधी सांगता येत नाही, पण मोडताना भाव कुठल्या दरांवरून आणि कुणी काढायचा, आणि दुसऱ्या बँकेचा भाव तुम्हाला आणता येईल का, हे करारात असायला हवं. आणि निर्यातीची ऑर्डर तुटली तर स्वॉप तेवढ्या प्रमाणात कमी करता येईल का ते पण विचारा. भाव आला की नुसते दर आणि हप्त्यांच्या तारखा इथे टाका, गणिती आणि मी हिशोब करून बघतो.